अक्षरांचे गोत्र

परवा दिवेलागणीनंतर आमची नात शब्दजुळणीचा पट मांडून बसली होती. तिच्या हाती ‘क्यू’ हे अक्षर आले होते, आणि ‘यू’ मात्र एकही नव्हते. “आजोबा, ‘क्यू’च्या मागून ‘यू’ यायलाच हवे का?” असे तिने विचारले. सारा जन्म इंग्रजी व संस्कृत शिकविण्यात गेलेला. मी ऐटीत “यायलाच हवे” असे सांगून मोकळा झालो. घटकाभराने तिने पटावरील ‘ए’ या अक्षराच्या अलीकडे ‘एफ्’, पलीकडे ‘क्यू’, ‘आय्’, ‘आर्’ अशी अक्षरे मांडली व “फकीर!” म्हणून टाळी वाजविली. मी हरकत घेतली. तिने कोश काढून पुढे ठेविला. ‘के’ घालून लिहावयाच्या रूपाबरोबर ‘क्यू’चेही रूप त्यात दिलेले होते.

माझी मान खाली गेली, ती डाव हरल्यामुळे नव्हे. पुष्कळ वर्षांपूर्वी आठव्या इयत्तेतील एका मुलाने निबंधात हाच शब्द असाच लिहिला होता. मी तो तांबड्या शाईने खोडला, अर्धा गुण कापला, आणि वर “‘यू’ची काठी घेतल्यावाचून ‘क्यू’ला चालता येत नाही” असा विनोदही केला. वर्ग हसला. मुलगा उभा राहून हळूच म्हणाला, “सर, घरी आम्ही हे अक्षर घशातून म्हणतो.” मी त्यास खाली बसविले.

वास्तविक त्याचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध होते. अरबी भाषेतील ‘काफ’ नावाचा एक वर्ण जिभेच्या मुळापाशी, पडजिभेजवळ उच्चारतात. तो आपल्या ‘क’हून निराळा, म्हणून रोमन लिपीत त्यासाठी ‘क्यू’ योजिण्याची चाल आहे. वर्णांची उच्चारस्थाने मुलांकडून घोकून घेणाऱ्या मला त्या मुलास स्थान विचारण्याची बुद्धी झाली नाही!

त्या रात्री एक गोष्ट मनात पक्की झाली. इंग्रजी शब्दांतील अक्षरे कशीही पडलेली नसतात. त्यांवरून शब्दाचे गोत्र ओळखता येते. एखादे अक्षर असलेला शब्द हवा असेल, तर ते अक्षर कोणत्या घरचे हे आधी विचारावे. शब्दाच्या अंती ‘जे’ हवे आहे काय? इंग्रज लोक स्वतःच्या शब्दाअंती तो उच्चार ‘जी-ई’ किंवा ‘डी-जी-ई’ असा लिहितात. तेव्हा ‘जे’ने संपणारे शब्द बहुधा पाहुणे. ‘राज’ आणि ‘स्वराज’ हे आपल्याकडून गेले, ‘हज’ अरबीतून. मध्ये ‘पी-एच्’ हवे आहे? ग्रीक घर धुंडाळावे. ‘फिलॉसफी’, ‘टेलिफोन’ तेथे भेटतील. ए, ई, आय्, ओ, यू यांपैकी एकही स्वर नसलेला ‘र्‍हिदम्’ हा शब्दही त्याच घरचा. तेथे ‘वाय्’ स्वराचे काम करितो.

आरंभी ‘के-एन्’ असलेले शब्द घ्या. गुडघ्याला ‘नी’, जाणण्याला ‘नो’. पूर्वी त्यांतील ‘के’ उच्चारला जाई; आता तो मुका झाला आहे. परंतु ‘नी’शेजारी आपले ‘जानु’ आणि ‘नो’शेजारी ‘ज्ञा’ धातू ठेवून पाहा. मूळ एकच. आपल्याकडे जो ‘ज’ झाला, तोच तिकडे ‘के’ होऊन राहिला. मुलांना आपण त्यास निरुपयोगी म्हणतो. तो आजोळची खूण आहे.

या खेळाचा जनक अल्फ्रेड बट्स हा अमेरिकन वास्तुशिल्पी. १९३० नंतरच्या मंदीत काम गेले असता त्याने वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजून कोणते किती वेळा येते हे काढिले. त्या खेळास १९४८ साली ‘स्क्रॅबल’ हे नाव मिळाले. त्याच्या १०० सोंगट्यांत ‘ई’ १२ वेळा आहे. ‘क्यू’ आणि ‘झेड’ एकेकदाच, म्हणून त्यांस दहा-दहा गुण.

असले कुतूहल आपल्या पूर्वजांसही होते. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त ओठ दुखावलेला मंत्रगुप्त आपली सारी हकीकत प-वर्गाचा स्पर्श टाळून सांगतो. ‘मेदिनी’ कोशात तर शब्द अंत्य व्यंजनावरून लाविलेले आहेत. शेवटचे अक्षर ठाऊक असले की शब्द हाती येतो.

आता मोबाईलवर अक्षरे टाकली की क्षणात शंभर शब्द पुढे येतात. पाठांतराचीही सीमा झाली आहे. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ साली फ्रेंच बोलता येत नसताना फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेतेपद जिंकिले. अशा स्मरणशक्तीस नमस्कारच करावा. तथापि घरातल्या खेळात मुलांच्या हाती काय उरते, हा प्रश्न निराळा आहे.

म्हणून आमच्या घरी नवा नियम झाला आहे. शब्द कोठूनही शोधावा, मोबाईलवरूनही. पण त्याचे गोत्र सांगितल्यावाचून गुण मिळावयाचे नाहीत. कोश मांडीवर घेऊन नात आता मलाच प्रश्न विचारते, आणि पुष्कळदा मीच निरुत्तर होतो.

शिक्षकबंधूंस एवढीच विनंती, की तांबडी शाई उघडण्यापूर्वी मुलास एकदा “हे कोठून आणिलेस?” असे विचारावे. तो मुलगा आता चांगला प्रौढ झाला असेल. त्याचा अर्धा गुण मी अद्याप देणे लागतो.