एका कसोटीचा खेळाडू

क्रिकेटचा विषय निघाला आणि उज्जैनची चार माणसे एकत्र असली, की बोलणे फिरून फिरून नमन ओझापाशी येऊन थांबते. २० जुलै १९८३ रोजी याच नगरीत जन्मलेल्या या यष्टीरक्षकाने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी निवृत्ती जाहीर केली. त्याला आता बरीच वर्षे झाली. तथापि त्याच्या कारकिर्दीचा हिशेब गावाने अद्याप मिटविलेला नाही.

या हिशेबात आम्हांस तीन पक्ष दिसतात. पहिला पक्ष अन्यायवाद्यांचा. मुलगा मुंबईचा किंवा दिल्लीचा असता तर पन्नास कसोट्या खेळला असता, असे त्यांचे ठाम मत. दुसरा पक्ष निकालवाद्यांचा. ज्याला संधी मिळाली आणि ती साधता आली नाही, त्याच्याविषयी हळहळ कसली, असा त्यांचा सवाल. तिसऱ्या पक्षाला वाद नको असतो. तो एवढेच म्हणतो, "एकच कसोटी खेळला बिचारा!" या तिघांमध्ये आम्हांस अधिक बोचतो तो हा तिसरा पक्ष, कारण 'बिचारा' या एका शब्दात तो वीस वर्षांचे काम पुसून टाकतो.

हे काम किती होते ते आधी पाहू. २०००-०१ च्या हंगामात, वयाच्या अठराव्या वर्षी, नमन मध्य प्रदेशाकडून प्रथम श्रेणीचा पहिला सामना खेळला. तेथून १४६ सामने, ९७५३ धावा आणि २२ शतके. निवृत्तीच्या वेळी रणजी करंडक स्पर्धेत यष्टीरक्षकाने मिळविलेल्या बळींचा सर्वांत मोठा आकडा, ३५१, हा त्याच्याच नावावर होता. यष्टीरक्षणाचे कष्ट प्रेक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाहीत. दिवसाची ९० षटके म्हणजे ५४० चेंडू, आणि प्रत्येक चेंडूला उकिडवे बसून उठायचे. त्यांतले पाचशे झेलले तर कोणी टाळी वाजवीत नाही. एक सुटला तर सारे मैदान पाहते. असे दिवसभर खपून मग हातात बॅट घेऊन पावणेदहा हजार धावा करणाऱ्यास बिचारा म्हणणे आम्हांस तरी जमत नाही.

आता अन्यायवाद्यांकडे वळू. संघात फलंदाजांना पाच-सहा जागा असतात, गोलंदाजांना चार-पाच असतात. यष्टीरक्षकाला जागा एकच. महेंद्रसिंग धोनी डिसेंबर २००५ मध्ये कसोटी संघात आला आणि डिसेंबर २०१४ मध्ये तेथून निवृत्त झाला. मधल्या काळात तो ९० कसोट्या खेळला. ही नऊ वर्षे म्हणजे नमनचे बावीस ते एकतीस हे वय, खेळाडूच्या ऐन उमेदीचा काळ. धोनी काही महानगरातून आलेला नव्हता, तो रांचीचा; तेव्हा लहान गावावरच्या अन्यायाचा सिद्धान्त येथे लंगडा पडतो. शिवाय त्या एका जागेच्या दाराशी दिनेश कार्तिक, पार्थिव पटेल आणि वृद्धिमान साहा हेही उभे होते.

निकालवाद्यांचे म्हणणेही अर्धेच खरे आहे. २०१० च्या जूनमध्ये झिंबाब्वेच्या दौऱ्यावर नमनला एक एकदिवसीय आणि दोन ट्वेंटी-२० सामने मिळाले. धावा झाल्या अनुक्रमे १, २ आणि १०. हे अपयश होय, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण तीन डावांत माणसाचे माप निघते काय? त्याच वर्षी एप्रिलमध्ये चेन्नई येथे राजस्थानच्या संघाकडून २४६ धावांचा पाठलाग करताना त्याने नाबाद ९४ धावा केल्या होत्या. संघ हरला, म्हणून ती खेळी लोकांच्या स्मरणात राहिली नाही. जुलै २०१४ मध्ये ब्रिस्बेन येथे ऑस्ट्रेलिया 'अ' संघाविरुद्ध पहिल्या सामन्यात नाबाद २१९ आणि पुढच्या सामन्यात ११० व नाबाद १०१, अशी लागोपाठ तीन शतके त्याने काढली. परक्या मुलखातली ही करामत.

आणि ती एकुलती एक कसोटी? ऑगस्ट २०१५ मध्ये श्रीलंकेत साहा जायबंदी झाला आणि तिसऱ्या कसोटीसाठी नमनला बोलावणे आले. वय बत्तीस. कोलंबोच्या मैदानावर त्याने २१ आणि ३५ धावा केल्या. दुसऱ्या डावात भारताचे आघाडीचे तीन फलंदाज झटपट परतले होते, हे लक्षात घेता त्या ३५ धावा कामाच्या होत्या. भारताने तो सामना ११७ धावांनी आणि मालिका २-१ अशी जिंकली. श्रीलंकेत मालिका जिंकण्याचा योग बावीस वर्षांनी आला होता. पुढे साहा बरा झाला आणि नमनची पाळी पुन्हा आली नाही. तो पडला म्हणून वगळला गेला नाही. ज्याची जागा होती तो परत आला, इतकेच.

वाचकहो, अशी माणसे आपल्या क्रिकेटच्या इतिहासात थोडी नाहीत. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. पुढे ते आपल्या माळव्याच्या होळकर संघातून खेळले. कसोटी एकही नाही. माधव आपटे यांनी सात कसोट्यांत ५४२ धावा केल्या, सरासरी एकोणपन्नासाच्या वर. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर त्यांना पुन्हा बोलावणे आले नाही. पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले, पण बिशनसिंग बेदी असेपर्यंत डावऱ्या फिरकीची जागा रिकामी नव्हती. देवेंद्र बुंदेला २०१८ मध्ये निवृत्त झाला तेव्हा रणजीत सर्वाधिक, १४५, सामने त्याच्या नावावर होते. भारताची टोपी मात्र नाही.

यांतच एक नाव आपल्या प्रदेशाने विशेष जपावे असे आहे. चंद्रकांत पंडित हे मुंबईचे, तेही यष्टीरक्षक. किरण मोरे यांच्या काळात ते ५ कसोट्या खेळले. पुढे ते मध्य प्रदेशाकडे आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हा संघ १९९८-९९ च्या रणजी अंतिम सामन्यात पोचला. बंगळूरला कर्नाटकाने तो हरविला. तेवीस वर्षांनी, जून २०२२ मध्ये, त्याच बंगळूरच्या मैदानावर पंडितांनीच घडविलेल्या मध्य प्रदेशाच्या संघाने मुंबईला सहा गडी राखून हरविले आणि राज्याला पहिला रणजी करंडक मिळाला. १९५२-५३ च्या होळकर संघानंतर माळव्याच्या भूमीत हा करंडक प्रथमच आला. पंडितांच्या नावापुढे 'फक्त पाच कसोट्या' लिहून कोणी वही मिटली असती, तर केवढी चूक झाली असती! आणि नमन? तो त्या विजयाच्या सोळा महिने आधीच निवृत्त झाला होता. ज्या संघासाठी वीस वर्षे उकिडवे बसला, त्याचा करंडक त्याच्या हाती आला नाही. आम्हांस वाटते, हळहळायचेच असेल तर याबद्दल हळहळावे.

हा सारा पाल्हाळ आम्ही कशासाठी लावला, असे कोणी विचारील. कारण हा प्रश्न क्रिकेटपुरता नाही. शाळेत पालक भेटतात. मुलाला सायंकाळी मैदानावर येऊ द्या म्हटले, की उत्तर येते, "सर, नमन ओझाचे काय झाले ते पाहिलेत ना?" म्हणजे ज्याने वीस वर्षे राज्याची सेवा केली, त्याचे नाव आमच्याच गावात मुलांना भय घालण्यासाठी वापरले जाते. संभागीय संघाच्या यादीत नाव नाही असे कळलेला पंधरा वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात मान खाली घालून बसतो, तेव्हा त्याला यादीतून कोणी वगळले याहून अधिक टोचते ते घरच्यांचे आणि गल्लीतल्यांचे बोलणे. निवड ही जागांवर अवलंबून असते, आणि जागा किती हे मुलाच्या हाती नसते. पहाटे उठणे, सराव न चुकविणे, संघ हरत असताना ९४ धावांपर्यंत उभे राहणे, एवढे त्याच्या हाती असते. मोजायचे तर हे मोजावे.

आपल्या समाजाचा गुणगौरव समारंभ दरवर्षी होतो. टक्केवारीची नावे पुकारली जातात, राज्याच्या संघात निवड झालेला एखादा खेळाडू असला तर त्यालाही श्रीफळ मिळते. आमची एक विनंती आहे. यंदापासून त्या यादीत अशा एका मुलाचे किंवा मुलीचे नाव असावे, ज्याची निवड झाली नाही, पण ज्याने वर्षभर एकही सराव चुकविला नाही. शाळांच्या क्रीडाशिक्षकांकडे अशी नावे असतातच, विचारणारा हवा. शाल महाग नसली तरी चालेल. नाव मात्र ध्वनिक्षेपकावरून, आईवडील ऐकत असताना पुकारले जावे.