माळ्यावरच्या कॅसेट आणि सतराचा पाढा

तुमच्या घरी माळ्यावर किंवा दिवाणाच्या खणात कॅसेटचा एखादा डबा आहे का? आमच्याकडे तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात निघाला. बहुतेक सिनेमाच्या गाण्यांच्या कॅसेट होत्या, एकीवर मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं. ती लावली आणि त्यात आजोबा बोलत होते! ते नोकरीसाठी भिलाईला असायचे. फोन महाग, म्हणून कॅसेट भरून गावी आजीला पाठवायचे. दुसऱ्या बाजूवर आजी उत्तर भरायची. मी आजोबांना कधी पाहिलं नाही. त्यांचा आवाज मी पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकला.

म्हणून एक विनंती. डिजिटल करायला बसाल तेव्हा गाण्यांच्या कॅसेट बाजूला ठेवा. त्यातली बरीच गाणी आज ऑनलाइन मिळतात. घरी भरलेली कॅसेट जगात एकच असते. सुरुवात तिच्यापासून करा.

कॅसेट लावण्याआधी

टेप उघडी दिसते त्याच्या विरुद्ध कडेला प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे असतात. ते मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी आवाज पुसला जाणार नाही. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती लावू नका, जाणकाराकडे द्या. टेप सैल असेल तर पेन्सिलने फिरवून ताठ करा. मग एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा.

प्लेअरचं हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कानकाडीने पुसा आणि वाळू द्या. आधी एखादी गाण्याची कॅसेट लावून प्लेअर तपासा. मी घाईत हे केलं नाही. प्लेअरने टेप गिळली आणि आजोबांची दोन वाक्यं चुरगळली ती कायमचीच.

जोडणी कशी करायची?

मोबाइल स्पीकरजवळ धरून रेकॉर्ड केलं तर पंखा आणि कुकरच्या शिट्ट्याही त्यात येतात. त्यापेक्षा लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. दोन्ही टोकांना ३.५ मिमी पिन असलेली ऑक्स केबल प्लेअरच्या हेडफोनच्या छिद्रातून त्या कार्डात लावा आणि कार्ड लॅपटॉपला जोडा. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर रेकॉर्डिंगला पुरेसं आहे.

प्लेअरचा आवाज मध्यम ठेवा. सगळ्यात मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या आसपास राहायला हवा. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज नीट करणं फार अवघड.

मूळ फाइल ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह प्रकारात जपून ठेवा. स्टिरिओत मिनिटाला साधारण १० एमबी लागतात. घरच्या ग्रुपवर पाठवायला एमपी३ काढा. खरखर कमी करायची तर ती कॉपीवर आणि बेताने करा. जास्त केली की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो.

एकट्याने करू नका

९० मिनिटांची कॅसेट भरायला ९० मिनिटंच लागतात. सुरुवातीला मला याचा कंटाळा आला होता. मग आजीला शेजारी बसवलं. तिच्या उत्तरात मागे एक लहान मूल पाढे म्हणत होतं. मी म्हटलं, "ही आत्या ना?"

आजी हसली. "आत्या कुठली गं, तुझा बाबा! सतरा चोकला कायम अडायचा."

टेपवरही तो तिथेच अडला होता. मागून आजीच सांगत होती, अडुसष्ट.

आजी शेजारी नसती तर माझ्या फाइलमध्ये तो आवाज 'आत्या' म्हणूनच राहिला असता. टेप आवाज जपते, पण तो कोणाचा हे तिला सांगता येत नाही. ते सांगणारी माणसं आज घरात आहेत, तोवर त्यांना विचारून घ्या. फाइलच्या नावात कोण, कुठे आणि अंदाजे कधी हे लिहा. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा. आणि काम झालं तरी मूळ कॅसेट टाकू नका.

या रविवारी डबा खाली काढाल ना? चहा ठेवा, आजी-आजोबांना हाक मारा आणि मगच प्लेचं बटण दाबा.