नायट्याचे मलम

पावसाळ्यात कोरेगावात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. दमट सलवार तशीच अंगात चढते आणि कमरेला, मांडीला नायटा उठतो. आमच्या धाकटीच्या कमरेला असाच गोल चट्टा आला. एवढ्यासाठी डॉक्टर कशाला, म्हणून आम्ही मेडिकलमधून मलम आणले. दोन दिवसांत खाज थांबली, आम्ही खूश! ट्यूब संपली आणि चट्टा परत आला, तळहाताएवढा होऊन.

त्या मलमात स्टेरॉईड होते. ते खाज दाबते, पण बुरशी मारत नाही. तिला पसरायला रानच मोकळे मिळते. वर कातडी पातळ होते ते वेगळेच. 2018 मध्ये सरकारने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावीत असे ठरवले, तरी ती सहज मिळतात. ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिले असेल तर नायट्याला लावू नये.

डॉक्टरांनी दिलेले बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या कडेबाहेरही लावायचे आणि डाग गेल्यावरही सांगतील तितके दिवस. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात उलटे वाळवावेत. टॉवेल, कंगवा ज्याचा त्याचा. वुजूनंतर पायाच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात, चिखल्या तिथेच होतात. मुलाच्या डोक्यात केस तुटून चट्टा पडला तर नुसते मलम पुरत नाही, पोटात औषध घ्यावे लागते.

धाकटी बरी झाली, महिन्याने नायटा पुन्हा उठला. तेव्हा कुठे अम्मींनी लाजत-लाजत आपली काख दाखवली. टॉवेल दोघींचा एकच होता.