मधुमेह्याची जखम आणि घरचे दही



मधुमेह्याच्या पायाची जखम चिघळली की कुणीतरी दही बांधायला सांगतेच. या सांगण्याला थोडा आधार आहे. अर्जेंटिनात तुकुमान येथे अशा जखमांवर लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हे जिवाणू लावून पाहिले गेले. २०१० साली छापून आलेले निष्कर्ष आशादायक होते. पण ते जिवाणू प्रयोगशाळेत निवडून, शुद्ध वाढवलेले होते.

सोयाबीनच्या १० किलो बियाण्याला आपण रायझोबियमचे २५० ग्रॅमचे पाकीट चोळतो, बांधावरची माती नव्हे. इथेही तसेच. घरच्या दह्यात कोणते जंतू किती, हे कुणी मोजलेले नसते. उघड्या जखमेत भलतेच जंतू शिरू शकतात.

मधुमेहात पाय बधिर होतात. तुरीचे धसकट रुतले तरी कळत नाही. म्हणून अनवाणी शेतात जाऊ नये. रोज रात्री पाय धुऊन, पुसून, तळवे घरच्यांकडून पाहून घ्यावेत. जखम दिसताच स्वच्छ पाण्याने धुवावी, स्वच्छ कापडाने झाकावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. उशीर झाला तर पाय कापण्याची पाळी येते.

दही ताटातच बरे.