विचारलं, लिहून घेतलं, पुढे काय?

२७ ऑक्टोबरचा जागतिक व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) दिन याही वर्षी मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांपुरताच राहिला. मुळशीत ते दिवस भातकापणीचे. तालुक्यातल्या आरोग्याच्या बातम्या नेहमीच्याच: इतक्यांचा रक्तदाब मोजला, इतक्यांची साखर तपासली, गोळ्या वाटल्या. आकड्यांच्या या हौसेवरचा माझा राग वाचकांना नवा नाही. या वेळी तो एका कागदावर आहे. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सी-बॅक, म्हणजे आजारांची जोखीम तपासणारा फॉर्म भरतात. त्यात तंबाखू आणि कमरेचा घेर तर असतोच, पण बोटांनी वस्तू धरायला त्रास होतो का, हेही विचारलेलं असतं. साठीपुढच्यांना विचारतात, चालताना तोल जातो का, जेवण, कपडे, अंघोळ, शौच यांसाठी कुणाची मदत लागते का. व्यवसायोपचारतज्ज्ञ पहिल्या भेटीत नेमकं हेच विचारतो. म्हणजे सार्वजनिक आरोग्याने त्याचा प्रश्न उंबऱ्यापर्यंत नेला आहे. रक्तदाब वाढलेला निघाला तर पुढची वाट आखलेली आहे: आयुष्मान आरोग्य मंदिर, समुदाय आरोग्य अधिकारी, गोळ्या, दर महिन्याची फेरतपासणी. ‘अंघोळीला मदत लागते’ या उत्तरावर मात्र दवाखान्यात पाठवण्यापलीकडे काही ठरलेलं नाही. तिथे डॉक्टर भेटतात, पण एका हाताने अंघोळ कशी करायची हे शिकवणारं सहसा कुणी नसतं.

सार्वजनिक आरोग्य आणि व्यवसायोपचार एकत्र नांदू शकतात याचा सर्वात ठोस पुरावा कुष्ठरोगाच्या कामात आहे, आणि तो आपल्याच राज्यातला आहे. १९५१ साली वर्ध्यात सुरू झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने घरोघर शोध, लोकशिक्षण आणि उपचार अशी पद्धत बसवली. पुढे राष्ट्रीय कार्यक्रम त्याच वळणाने गेला. ऐंशीच्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि जंतू मरू लागले. पण बधिर झालेल्या हातापायांची जाणीव त्या औषधाने परत येत नव्हती. चुलीवरचं भांडं उतरवताना हात भाजायचे आणि कळायचंही नाही. ‘जंतू मेला, आमचं काम संपलं’ असं त्या कार्यक्रमाने म्हटलं नाही. डोळे, हात आणि पाय यांची विकृती नोंदवली, मऊ रबराची एमसीआर चप्पल दिली, वाकलेल्या बोटांना स्प्लिंट दिले. हातपाय पाण्यात भिजवून, टणक कातडी घासून तेल लावायला आणि रोज पाय तपासायला शिकवलं. गरम भांड्याला सांडशी, अवजाराच्या मुठीला जाड कापड. हा अस्सल व्यवसायोपचार होता, आणि गावोगाव तो पोचवला कुष्ठरोग तंत्रज्ञ आणि अवैद्यकीय सहाय्यकांनी. डिसेंबर २००५ मध्ये देशातलं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचं जाहीर झालं, तरी नव्या रुग्णांपैकी किती जणांत विकृती दिसते हे आजही मोजतात, कारण रोग उशिरा सापडला की नाही ते त्यावरून कळतं. माणसाचा हात चालतो की नाही, हे तिथे कार्यक्रमाचं मोजमाप झालं. अर्धांगवायूच्या बाबतीत मात्र किती जणांना गोळ्या मिळाल्या ते आपण मोजतो. किती जण पुन्हा आपल्या हाताने जेवू लागले, किती जणी विळा धरू लागल्या, याचा रकानाच नाही.

फिजिओथेरपिस्ट असताना व्यवसायोपचारतज्ज्ञ हा वेगळा माणूस कशाला, असं विचारलं जाईल. फिजिओथेरपिस्ट खांद्यात ताकद आणि गुडघ्यात वाक आणतो, आणि ते हवंच. पण ताकद परत येणार नसेल तेव्हा काम कसं बदलायचं, अवजार कसं बदलायचं, घरात कुठे दांडी लावायची, ही दुसऱ्याची विद्या. डॉक्टरांच्याच जागा भरत नाहीत तिथे हे तज्ज्ञ कुठून आणायचे, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. पण गावागणिक तज्ज्ञ कुष्ठरोगाच्या कार्यक्रमानेही नेमला नव्हता. शिवाय ही विद्या खासगी दवाखान्यांची मिरास नाही. कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये तिची देशातली पहिली शाळा मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात काढली. सार्वजनिक पैशांतून सुरू झालेलं शिक्षण सार्वजनिक दवाखान्यातच पोचू नये, हे मला मान्य नाही.

राहिला तिसरा आक्षेप: हे एकेका रुग्णाचं काम, सार्वजनिक आरोग्य मात्र समूहाचं. पण ताम्हिणीकडच्या वाड्यांत पावसाळाभर निसरडं असणारं अंगण एका घराचं नाही. स्वच्छ भारतच्या संडासातलं खाली बसायचं भांडं एका घरातलं नाही; अर्धं अंग गेलेल्या माणसाला तिथून आधाराशिवाय उठता येत नाही, आणि भिंतीला दांडी बसवणं हे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं काम आहे. वाकून भात लावणाऱ्या बायकांच्या कंबरा एकेकट्या दुखत नाहीत. याच तालुक्यातल्या हिंजवडीत खुर्चीची उंची आणि पडद्याचा कोन यांचा विचार होतो. तो खाचरापर्यंत यायला हरकत कसली?

सुरुवातीला पौडच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस व्यवसायोपचारतज्ज्ञ बसावा. सी-बॅकमध्ये ज्यांनी ‘मदत लागते’ असं सांगितलं त्यांची यादी आशाताईंनी त्याच्या हाती द्यावी, आणि सोप्या गोष्टी त्याने त्यांना व समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना शिकवाव्यात. सहा महिन्यांनी तोच प्रश्न त्याच घरात पुन्हा विचारावा आणि उत्तर बदललं का, ते जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने जाहीर करावं.