दुष्काळाचे चित्र आणि चित्राखालची ओळ

एका केंद्रीय विद्यापीठात तौलनिक साहित्याचा अभ्यास करणाऱ्या, मूळच्या मराठवाड्यातील एका विद्यार्थिनीने १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर निबंध लिहिला. पहिल्याच परिच्छेदात हाडांचे सापळे, खोल गेलेले डोळे, आटलेल्या स्तनाला बिलगलेले मूल असा सारा संभार होता. परिच्छेद प्रभावी होता. वर्गात तो वाचून झाल्यावर काही क्षण कोणी बोलले नाही. दोन दिवसांनी तिने निबंध परत मागून घेतला, तो परिच्छेद खोडला आणि समासात लिहिले, की यांपैकी एकही गोष्ट आपण पाहिलेली नाही, कोणाकडून ऐकलेलीही नाही. ती सुनील जाना यांच्या छायाचित्रांतून उचललेली आहे, आणि उचललेली असल्याची खूण वाक्यांत कोठेही नाही.

या समासातील टिपणाकडे एका तरुण मनाचा अतिरेकी काटेकोरपणा म्हणून पाहता येईल. तसे पाहणे चुकीचे होईल. मर्ढेकरांनी ‘वाङ्मयीन महात्मता’मध्ये आत्मनिष्ठेचा विचार मांडल्यापासून मराठी समीक्षा लेखकाचे आपल्या अनुभवाशी असलेले इमान तपासत आली आहे. त्या कसोटीला हा परिच्छेद बहुधा उतरला असता. कारण लिहिताना विद्यार्थिनीला आलेला गहिवर खरा होता. खोटेपणा होता तो दुसऱ्या ठिकाणी. वाचकाचे मन हेलावण्याचे काम चित्राने आधीच करून ठेवले होते, आणि शब्दांनी ते मुकाट्याने आपल्या खाती जमा केले होते.

चित्रालाही वक्तृत्व असते, आणि ते मुख्यतः चौकटीच्या कडांवर चालते. १८७६–७८ च्या मद्रास इलाख्यातील दुष्काळात विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने उपाशी माणसांचे समूह कॅमेऱ्यासमोर रचून त्यांची छायाचित्रे घेतली. तेव्हापासून भारतीय दुष्काळाचे दृश्यरूप जवळजवळ ठरून गेले: समोरून घेतलेला देह, उघड्या बरगड्या आणि मागे काहीच नाही. बंगालमध्ये त्या ‘काहीच नाही’च्या जागी बरेच काही होते. जपानी सैन्य येईल या भीतीने १९४२ मध्ये किनारपट्टीतील होड्या आणि शिल्लक तांदूळ सरकारने काढून घेतला होता. ऑक्टोबरमध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपले होते. साठेबाजी आणि युद्धकालीन खरेदी यांमुळे तांदळाचा भाव मजुराच्या आवाक्याबाहेर गेला होता. भाव हा छायाचित्रात येत नाही. म्हणून छायाचित्रातील भूक निसर्गाने दिल्यासारखी दिसते, आणि तिच्यावर बेतलेले गद्यही वाचकाला हळहळ वाटायला लावून मोकळे होते.

एवढ्यावरून चित्र फसवे आणि शब्द प्रामाणिक असा निवाडा कोणी करू लागेल, तर १९४३ चा इतिहासच त्याच्या आड येतो. सरकारने दुष्काळसंहितेनुसार दुष्काळ जाहीर केलाच नाही. केला असता तर संहितेतील मदतीची बंधनेही पत्करावी लागली असती. कलकत्त्याच्या रस्त्यांवर मरणारी माणसे सरकारी दप्तरात ‘निराधार’ ठरली. त्यांच्यासाठी काढलेल्या वटहुकुमाच्या नावातही भूक नव्हती. त्या दिवसांत लबाडी शब्दांनी केली. २२ ऑगस्ट १९४३ रोजी इयन स्टीफन्स यांच्या संपादकत्वाखालील ‘स्टेट्समन’ने भूकबळींची छायाचित्रे छापली, तेव्हा दिल्लीला आणि लंडनला जे कळायला हवे होते ते कळू लागले. १९४५ च्या चौकशी आयोगाने मृतांचा आकडा १५ लाख धरला. पुढील अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. हे आकडे चर्चेला आले त्यामागे त्या छायाचित्रांचा वाटा आहे.

तेव्हा प्रश्न माध्यमाचा नाही, चित्र आणि शब्द यांनी एकमेकांशी कसे वागावे याचा आहे. या दृष्टीने चित्तप्रसाद यांच्या ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेचा अभ्यास आपल्याकडे जेवढा व्हायला हवा तेवढा झालेला नाही. साहित्याचे अभ्यासक ती चित्रकलेची म्हणून बाजूला ठेवतात आणि चित्रकलेचे अभ्यासक तिच्यातील मजकूर चाळून पुढे जातात. नोव्हेंबर १९४३ मध्ये चित्तप्रसाद मेदिनीपूर जिल्ह्यात हिंडले, शाईने रेखाटने केली आणि सोबत वृत्तांत लिहिला. रेखाटनांतील माणसांना नावे आहेत, गावे आहेत, काय विकले आणि कोण गेले याची नोंद आहे. सरकारने पुस्तिकेच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. कुटुंबाने जपलेल्या प्रतीवरून तिची प्रतिकृती २०११ मध्ये निघाली. (पुढे याच चित्रकाराने आयुष्याचा बराच काळ मुंबईत अंधेरीला काढला, याची मराठी वाचकाला फारशी आठवण नसते.) चित्राखाली नाव आले की बरगड्या कमी होत नाहीत, पण त्या कोणाच्या तरी होतात. मग पाहणाऱ्याला नुसते हळहळून भागत नाही, त्या माणसाचे असे का झाले हे विचारावे लागते.

सत्यजित राय यांनी बिभूतिभूषणांच्या ‘अशनि संकेत’वरून १९७३ मध्ये चित्रपट केला, तेव्हा त्याच्या रंगांवर टीका झाली. दुष्काळ इतका हिरवा कसा, असा आक्षेप होता. आक्षेप घेणाऱ्यांच्या मनात हूपरचा उजाड पडदा होता. बंगालमध्ये माणसे भरल्या रानात मेली, आणि तो हिरवा रंगच चित्रपटातील सर्वांत कठोर विधान आहे. याउलट ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘धरती के लाल’मध्ये (१९४६) कलकत्त्याकडे निघालेल्या बंगाली शेतकऱ्यांच्या तांड्यात धुळ्याकडचे शेतकरी चालले. भूगोलाच्या हिशेबाने हे खोटे आहे. तरीही ते फसवणूक वाटत नाही. कदाचित भाकरीसाठी गाव सोडण्याची चाल खानदेशातल्या पायांना कोणी शिकवावी लागली नसेल म्हणून. मृणाल सेन यांनी ‘अकालेर संधाने’त (१९८०) तर हा सारा गुंताच कथेचा विषय केला. दुष्काळावर चित्रपट काढायला खेड्यात आलेल्या मंडळींत स्मिता पाटील आहेत. फावल्या वेळी ही मंडळी जुनी छायाचित्रे दाखवून हा दुष्काळ कोणत्या सालचा ते ओळखण्याचा खेळ खेळतात. ओळखू येत नाही. बरगड्यांवर साल लिहिलेले नसते.

विद्यार्थिनीने सुट्टीत आपल्या आजीला १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारले. त्या दुष्काळात, मे १९७३ मध्ये, महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. पुढील रोजगार हमी योजनेची पायाभरणी त्यातूनच झाली. नातीला चित्र हवे होते. आजीने सांगितली ती मिलोची लाल ज्वारी, तिची तव्यावर टाकताना तुटणारी भाकरी, सुकडीसाठी पोरांची रांग, आणि फोडलेल्या खडीच्या मापात मुकादमाने मारलेली अर्धी ब्रास. उपाशी देहाविषयी ती काहीच बोलली नाही. त्या अर्ध्या ब्रासचा राग मात्र एवढ्या वर्षांनी तिच्या आवाजात तसाच होता.

निबंधाच्या दुसऱ्या खर्ड्यात जानांचे एक छायाचित्र चिकटवलेले आहे आणि खाली छायाचित्रकाराचे नाव लिहिलेले आहे. त्यातील बाईचे नाव कळले नाही, एवढेच त्या ओळीत पुढे म्हटले आहे. चित्राचे वर्णन नाही. त्यानंतर तांदळाच्या भावाविषयी दोन पाने आहेत, आणि शेवटच्या भागात आजीची अर्धी ब्रास तिच्याच शब्दांत, बंगालशी कसलेही नाते न जोडता, ठेवून दिली आहे. वर्गातील काहींना हा खर्डा पहिल्यापेक्षा कोरडा वाटला. तो कोरडा आहेच. दोन पानांतला भावाचा हिशेब वाचायला कंटाळवाणा आहे, आणि एका ठिकाणी विद्यार्थिनीने मण आणि शेर यांची गल्लत केली आहे. ती तिला दुरुस्त करावी लागेल.