सायकलीचीं नवीं चाकें घ्यावीं काय?

घरांतील तरुणानें एखादी महाग वस्तु मागितली म्हणजे वडील मंडळी बहुधा दोहोंपैकीं एक उत्तर देतात: "कशाला हवें तें?" किंवा "तुझे पैसे, तूं पाहा." पहिल्या उत्तरानें मागणाऱ्याचा हिरमोड होतो, दुसऱ्यानें कदाचित् पैसा वायां जातो, आणि दोहोंतही वस्तूचा विचार झालेला नसतो. म्हणून या महिन्यांत आम्ही अशाच एका मागणीचा विचार वाचकांपुढें मांडतों.

आमच्या बंधूंचा नातू नोकरीस लागून दोन वर्षें झालीं. दर रविवारीं पहांटे पुण्याहून निघून सिंहगडाचा घाट चढून यावयाचें हा त्याचा नेम आहे. ज्या हलक्या सायकलीस तरुण मंडळी 'रोड बाइक' म्हणतात, तसली त्याची सायकल ७०,००० रुपयांची. तिला आतां ६५,००० रुपयांचीं कार्बनचीं चाकें बसवावीं असें त्याच्या मनांत आहे. त्याची धाकटी बहीण मात्र रोज दोन बस बदलून कॉलेजांत जाते, आणि एक साधी सायकल वर्षभर मागत आहे.

चाकाच्या परिघास संस्कृतांत नेमि, काड्यांस अर आणि मधल्या तुंब्यास नाभि म्हणतात. आजची रिम, स्पोक व हब हीं त्यांचींच नांवें. महाग चाकांत रिम हलकी असते, किंवा हवा कापण्यासाठीं उंच केलेली असते. तेव्हां लाभ किती, हें मोजून पाहणें हाच न्याय होय.

प्रथम वजन. स्वार, सायकल व पाण्याची बाटली मिळून ८० किलो धरूं. नवीं चाकें ४०० ग्रॅमनें हलकीं असलीं, तर एकंदर ओझें शेंकडा अर्ध्यानें कमी झालें. ज्या चढास एक तास लागतो, तेथें ही बचत फार तर १८ सेकंदांची. फिरत्या भागाचें वजन दुप्पट मोजावें, असें कित्येक सांगतात. तें वेग वाढवितांना रिमेच्या बाबतींत जवळजवळ खरें आहे. पण एकसारख्या गतीनें घाट चढतांना पायांतला ग्रॅम आणि पोटावरचा ग्रॅम सारखाच.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. वेग दुप्पट झाला कीं हवेचा अडथळा चौपट आणि त्यासाठीं लागणारी शक्ति आठपट होते. सपाट रस्त्यावर ताशी ३५ किलोमीटरनें जाणाऱ्यास उंच रिमेचा थोडा लाभ होतो, हें मान्य केलें पाहिजे. परंतु या अडथळ्याचा मोठा वांटा चाकांचा नसून स्वाराच्या देहाचा असतो. कोपर वांकवून पाठ खालीं आणण्यास कवडीही पडत नाहीं. शिवाय आडवा वारा उंच रिमेस ढकलतो. घाटाच्या वळणावर हें ध्यानांत असावें.

तिसरी गोष्ट टायराची, आणि आमच्या मतें हीच सर्वांत महत्त्वाची. १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनीं हवेच्या टायराचें पेटंट घेतलें. मूळ युक्ति त्यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं योजिली होती. चाकाचें सुख तेव्हांपासून त्या हवेंतच आहे. टायर दगडासारखा फुगविला कीं वेग वाढतो ही समजूत आतां मागें पडली आहे. खडबडीत रस्त्यावर तसा टायर उड्या मारतो आणि श्रम फुकट जातात. पूर्वीं २३ मिलिमीटर रुंदीचे टायर शर्यतींत प्रचारांत होते, आतां २८ चे सर्रास दिसतात. सायकलीच्या चिमट्यांत जागा असेल, तर उत्तम प्रतीचे मऊ टायर घालून बेताची हवा भरावी. चाकांच्या किमतीच्या अल्प भागांत पुष्कळसा लाभ पदरांत पडतो.

चाकें बदलणें अवश्यच होतें, असे प्रसंग निराळे. ब्रेकचें रबर जेथें रिमेस घासतें, तेथें रिम झिजून खोलगट झाली असेल, भेग दिसत असेल, किंवा आउट काढूनही स्पोक वारंवार तुटत असतील, तर एक दिवसही थांबूं नये. पुष्कळ रिमांवर झीज दाखविणारा बारीक खळगा किंवा चर असतो. तो नाहींसा झाला कीं रिमेचें आयुष्य संपलें. तेथें काटकसर करणें म्हणजे उतारावर जीव पणास लावणें होय. उलट, रिमेवर ब्रेक दाबणाऱ्या सायकलीस कार्बनची रिम घालणाऱ्यानेंही सावध असावें. लांब उतारावर ती फार तापते, पावसांत ब्रेक उशीरा लागतो, आणि रबरही निराळें लागतें. डिस्क ब्रेक असल्यास ही अडचण नाहीं. मात्र आंस, हब व मागची दांत्यांची चकती आपल्या सायकलीस जुळते कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

हें सर्व ऐकून नातवानें विचारलें, "आजोबा, मग हौस करूंच नये काय?" करावी कीं! स्वकष्टाच्या पैशानें केलेली हौस निंद्य नव्हे, आणि १८ सेकंदांचा आनंद दुसऱ्यानें तोलूं नये. परंतु हौसेस गरजेचें नांव देऊं नये. कारण घरांत गरजांची रांग असते, आणि तीत खोट्या नांवानें शिरलेली हौस कुणाची तरी जागा घेते. आमच्या घरीं ती जागा एका मुलीची होती.

तेव्हां आमचा सल्ला असा: आधीं चाकांचा आउट काढवून घ्यावा, बेअरिंगें तपासावीं, टायर बदलावे, आणि तीन महिने स्वारी करावी. तितक्यानें मन भरलें तर उत्तमच. न भरलें, आणि घरांतील रांगेंत कोणी खोळंबलेलें नसलें, तर खुशाल नवीं चाकें घ्यावीं, आणि हौस म्हणूनच घ्यावीं. नातवानें टायर घेतले आहेत. चाकांचा निकाल दिवाळीनंतर. बहिणीची सायकल मात्र याच महिन्यांत यावयाची आहे.